फेल्टच्या पूडलची कुळकथा

जुन्या वळणाच्या स्वेटशर्टवर फेल्टचं अक्षर किंवा कुत्रा शिवलेला दिसला, की जाणकार थेट हार्वर्ड गाठतात. 1865 साली तिथल्या बेसबॉल संघाने फ्लॅनेलच्या शर्टावर ‘एच’ मिरवला, पुढे लोकरी स्वेटरवर फेल्टची अक्षरं आली, 1920च्या दशकात अलाबामाच्या रसेल कंपनीने टोचणाऱ्या लोकरीऐवजी सुती स्वेटशर्ट काढला, आणि अक्षर त्यावर उतरलं. संपली वंशावळ.

मला ती अर्धीच पटते. ते अक्षर खेळाडूला मैदानात कमवावं लागे. दुसऱ्याने ते लावणं म्हणजे उसनं पदक मिरवणं. निव्वळ हौसेचं फेल्ट आलं कुठून? माझं बोट एका स्कर्टकडे आहे.

1947चा नाताळ, लॉस एंजेलिस. ज्युली लिन शार्लो ही गायिका. नवऱ्याची नोकरी गेलेली, पार्टीला जायचं तर नवा कपडा घ्यायला पैसे नाहीत, आणि शिवणकामाच्या नावाने शून्य. आईच्या छोट्या कारखान्यात मात्र फेल्ट होतं. फेल्टचा पन्हा एवढा मोठा, की अख्खा गोल घेर एकाच तुकड्यातून निघाला. मधोमध कमरेपुरतं भोक पाडलं, वर नाताळच्या झाडांचे फेल्टचेच तुकडे लावले, झाला स्कर्ट. तसेच स्कर्ट दुकानात हातोहात खपले. नाताळ सरल्यावर दुकानदाराला दुसरं काही हवं होतं, म्हणून तिने डॅक्सहुंड कुत्रे लावले, मग पूडल. तो पूडल पुढच्या दशकात अमेरिकेतल्या शाळकरी मुलींची ओळखच बनला.

हे जमलं ते कापडाच्या गुणामुळे. फेल्ट विणलेलं नसतं. ओलावा, ऊब आणि दाब मिळाला की लोकरीचे तंतू एकमेकांत गुंततात. ताणाबाणा नाही, म्हणून कापल्यावर दोरे सुटत नाहीत. कड दुमडायला नको, तुरपायला नको. कात्री चालवता आली की झालं.

हा गुण अल्ताई पर्वतातल्या पाझिरिकच्या लोकांनीही नेमका हेरला होता. तिथल्या पाचव्या थडग्यातून 1949 साली सेर्गेई रुडेन्को यांनी बर्फात टिकलेला फेल्टचा भलाथोरला पडदा काढला. बसलेली देवी, समोर घोडेस्वार, सगळं रंगीत फेल्ट कापून वर शिवलेलं. वय दोन हजार वर्षांहून जास्त. शार्लोने स्कर्ट कापला तेव्हा हा पडदा अजून जमिनीखालीच होता, त्यामुळे नक्कल केल्याचा आळ तिच्यावर येत नाही. फेल्ट हाती आलं की माणूस त्यातून प्राणी कापतो, एवढंच मी म्हणेन.

विरोधी पक्ष म्हणेल, जुन्या स्वेटशर्टवर फेल्टपेक्षा फ्लॉकची छपाईच जास्त. बरोबर. पण फ्लॉक म्हणजे काय? गोंदाच्या अक्षरावर बारीक तंतू उभे चिकटवायचे. म्हणजे फेल्टचंच सोंग, धुण्याला सोपं आणि स्वस्त! नक्कल झाली, यातच अस्सलाचा मान आला.

जुन्या स्वेटशर्टच्या गळ्याखालच्या त्रिकोणी तुकड्याचाही असाच वाद. कुणी म्हणतं घाम टिपायला, कुणी म्हणतं डोकं घालताना गळा ताणला जावा म्हणून. माझं मत ताणाला: एवढ्याशा तुकड्यात घाम मावणार किती?

स्वेटशर्टवर स्वतः फेल्ट लावणार असाल तर खरी अडचण इथेच, ताणात आहे. स्वेटशर्टचं कापड ताणतं, फेल्ट ताणत नाही. तसंच शिवलं तर भोवती चुण्या पडतात. म्हणून आतून पातळ फ्युजिंग लावा, कच्चा दोरा घालून तुकडा बसवा आणि मग कडेने काजटाका घ्या. शुद्ध लोकरीचं फेल्ट आधी भिजवून आटवून घ्या. बाजारातलं स्वस्त फेल्ट बहुधा पॉलिएस्टर किंवा अॅक्रिलिकचं असतं. ते आटत नाही, पण गरम इस्त्रीखाली वितळतं. त्यावर सुती कापड टाकूनच इस्त्री फिरवा.