घरगुती नेटवर्क केबल
घरगुती नेटवर्क केबल ही राउटर, संगणक, दूरचित्रवाणी संच, कॅमेरे इत्यादी उपकरणे परस्परांना जोडणारी, तांब्याच्या आठ तारांची केबल होय. या तारांच्या चार जोड्या असतात. प्रत्येक जोडीस दिलेल्या पिळामुळे बाह्य विद्युत व्यत्यय कमी होतो. कोल्हापूरसारख्या पूरप्रवण शहरात केबलची जागा निवडताना पुराचाही विचार करावा लागतो.

प्रकार व निवड
कॅट-५ई केबल १०० मीटरपर्यंत प्रतिसेकंद १ गिगाबिट वेग देते. कॅट-६ केबलवर सुमारे ५५ मीटरपर्यंत, तर कॅट-६ए केबलवर १०० मीटरपर्यंत १० गिगाबिट वेग मिळू शकतो. सर्वसाधारण घरास कॅट-६ पुरेशी ठरते. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारांची केबल स्वस्त असते. मात्र तिचा विद्युतरोध अधिक असल्याने केबलमधूनच वीज घेणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी ती वापरल्यास तापण्याचा धोका असतो. भिंतीत अखंड तारेची, तर उपकरणापाशी लवचीक, बहुपदरी तारेची केबल वापरतात.

जोडणी
आरजे-४५ जोडणीत टी-५६८बी मानकानुसार तारांचा क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा असतो. केबलची दोन्ही टोके एकाच मानकाने जोडतात. टोकाशी पीळ १३ मिलिमीटरपेक्षा अधिक उलगडू नये. निळ्या किंवा तपकिरी जोडीतील एखादी तार तुटल्यास जोडणी चालू राहते, परंतु वेग १०० मेगाबिटपर्यंत घसरतो. त्यामुळे दोष सहज लक्षात येत नाही. विजेच्या तारांपासून केबल दूर ठेवतात. ओलांडणे अटळ असल्यास ती काटकोनात नेतात.

कोल्हापुरातील परिस्थिती
राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. जुलै २०२१ मध्येही शहरात पूर आला. सुतारवाडा, शाहूपुरी कुंभार गल्ली अशा सखल भागांतील घरांत राउटर व जोडपेट्या वरच्या मजल्यावर बसवून केबल वरून खाली आणणे हितावह ठरते. पाणी शिरलेली केबल वरून कोरडी दिसली, तरी आतील तांबे गंजू शकते. म्हणून ती बदलतात. भिजलेल्या उपकरणांना हात लावण्यापूर्वी मुख्य वीजपुरवठा बंद असल्याची खात्री करणे आवश्यक असते. मात्र मुख्य स्विचपाशी पाणी असल्यास त्याच्याजवळ जाऊ नये.

वळवाच्या पावसात विजा कडाडतात. दोन इमारतींमध्ये उघड्यावरून नेलेल्या तांब्याच्या केबलमधून विजेचा दाब घरात शिरू शकतो. तेथे धातुविरहित प्रकाशीय तंतू केबल अधिक सुरक्षित असते, कारण ती वीजवाहक नसते.