गोंदण आणि एमआरआय तपासणी

सुईने त्वचेच्या आतल्या थरात रंगद्रव्य भरून उमटविलेली कायमची आकृती म्हणजे गोंदण. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी या यंत्रमागांच्या नगरीत, जेथे कुणबी व आदिवासी स्त्रियांचे गोंदण, उत्तर प्रदेशातून पोटापाण्यासाठी आलेल्या कुटुंबांचा गोदना आणि तेलुगूभाषक विणकरांच्या घरचे ‘पच्चबोट्टू’, म्हणजे हिरवी टिकली, एकाच मोहल्ल्यात नांदतात, तेथे डॉक्टरांनी एमआरआय फर्माविताच ‘हातावर गोंदलेले आहे, चालेल काय?’ ही पृच्छा स्वाभाविक ठरते.

क्ष-किरण, सीटी स्कॅन व सोनोग्राफी यांना गोंदणाची कोणतीही आडकाठी नाही. एमआरआयची गोष्ट निराळी. कारण त्यातील 1.5 टेस्ला चुंबकक्षेत्र पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या सुमारे 30,000 पट प्रबळ असून, सोबतच्या रेडिओलहरींमुळे धातुमय रंगद्रव्य क्वचित तापू शकते. आजीच्या मनगटावरील तुळशीवृंदावन मात्र बहुधा काजळीचे, म्हणजे शुद्ध कार्बनचे असते. त्वचेखालून ते निळसर-हिरवे दिसले तरी त्यात लोहाचा अंश नसतो. शंका घ्यावी ती लोह-ऑक्साइड असलेल्या आधुनिक शाईची व भुवया कोरण्याच्या कायम रंगाची.

लंडन येथील शास्त्रज्ञांनी 3 टेस्लाच्या यंत्रात 330 व्यक्तींच्या 932 गोंदणांची पाहणी करून 2019 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जो वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्यात गोंदणामुळे त्रास झाल्याचे एकच प्रकरण नोंदले गेले आणि तेही सौम्य होते. तथापि 20 सेंटिमीटरहून लांब अथवा शरीराचा 5 टक्क्यांहून अधिक भाग व्यापणारी गोंदणे त्या पाहणीत नव्हती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्वचा भाजल्याची तुरळक उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात आहेत. परंतु तेवढ्यासाठी मेंदूची वा मणक्याची आवश्यक तपासणी टाळणे हे त्याहून मोठे संकट ओढवून घेणे होय.

खरा धोका सुट्या धातूचा. 2018 च्या जानेवारीत मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनच्या नळकांड्यासह एमआरआय-कक्षात ओढली गेलेली व्यक्ती प्राणास मुकली. म्हणून मंगळसूत्र, जोडवी, नथ व केसांतील आकडे बाहेरच उतरवावेत. यंत्रमागाचे सुटे भाग लेथवर घडविणाऱ्या कारागिराच्या डोळ्यात कधी लोखंडाचा कीस गेला असेल, तर त्याची शहानिशा आधी क्ष-किरणाने करून घ्यावी लागते. क्ष-किरण तपासणीला गोंदणाची आडकाठी नसली, तरी काखेतील लसीका ग्रंथींत साठलेला त्याचा रंग स्तनांच्या क्ष-किरण चित्रात चुन्याच्या कणांसारखा भासून निदानात घोटाळा करू शकतो, सबब तेथेही गोंदणाची माहिती द्यावी.

गोंदण लपवू नये. मोठे असल्यास तंत्रज्ञ त्यावर थंड ओले फडके ठेवण्याची तजवीज करतो, आणि ताजे असल्यास, तातडी नसेल तर, जखम भरेपर्यंत थांबावे. यंत्रात असताना त्या जागी चुणचुण अथवा चटका जाणवल्यास सोसत राहू नये: रुग्णाच्या हाती दिलेला रबरी फुगा दाबताच तंत्रज्ञास इशारा मिळतो व तपासणी तेथेच थांबविता येते.