साथ आणि पडसे

सर्दीचा दोष आपण मराठीत बहुधा हवेवर टाकतो. गारठा बाधतो, पाणी बदललेले सोसत नाही, पावसात भिजले की दुसऱ्या दिवशी पडसे ठरलेले. हवेवर ठपका ठेवता आला नाही, तर तो माणसावर येतो: त्याची प्रकृतीच नाजूक, त्याला जरा काही चालत नाही. प्रौढ माणसाला वर्षाकाठी दोन-तीनदा सर्दी होते, ही आज सर्वसाधारण सरासरी मानली जाते. पण एखाद्याचे वर्षच्या वर्ष नाक न पुसता जाते आणि त्याच्याच वयाच्या, त्याच्याइतक्याच धडधाकट दुसऱ्याला पाच-सहा वेळा घसा धरतो. हा फरक कशाने पडतो याचा विसाव्या शतकात चिकाटीने शोध घेतला गेला, आणि त्यातला मोठा भाग इंग्लंडमधल्या सॉल्झबरी गावाबाहेरच्या एका टेकडीवर झाला. त्या टेकडीवरचा आणि तिच्या आगेमागे जमलेला पुरावा एकत्र वाचला, तर मला असे दिसते की माणूस वर्षातून किती वेळा सर्दीने आजारी पडतो हा आकडा त्याच्या शरीराइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, त्याच्या सहवासाबद्दल सांगतो. ‘साथ’ या एकाच शब्दात आपण सोबत आणि रोगाचा फैलाव हे दोन्ही अर्थ बसवले आहेत. हा शब्द गारठ्यावरच्या आपल्या समजुतीपेक्षा वस्तुस्थितीच्या जास्त जवळ जातो.

थंडीने सर्दी होते या समजुतीला पहिला तडा प्रयोगशाळेबाहेरच गेला होता. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७७३ मध्ये एका पत्रात आपले निरीक्षण लिहिले: माणसे बंद खोल्यांत आणि घोडागाड्यांत दाटीने बसून एकमेकांचा श्वास घेतात, तेव्हा सर्दी एकाकडून दुसऱ्याला जाते. त्याला पुरावा मिळायला पुढे जवळजवळ दीडशे वर्षे लागली. १९१४ मध्ये लाइपझिगच्या वाल्टर क्रुझे यांनी सर्दी झालेल्या सहकाऱ्याच्या नाकातला स्राव जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला आणि निरोगी माणसांच्या नाकात त्याचे थेंब सोडले. त्यांतल्या काहींना सर्दी झाली. गाळणीतून पार झालेली ती वस्तू जिवाणूहून लहान होती. आज आपण तिला विषाणू म्हणतो. पुढची अडचण मात्र विचित्र होती. उंदीर, ससे, गिनीपिग अशा नेहमीच्या प्राण्यांना माणसाची सर्दी होत नाही. न्यूयॉर्कच्या डोशेझ यांनी १९३० च्या सुमारास चिंपांझींना सर्दी देऊन दाखवली, पण चिंपांझी पाळणे फार महागाचे काम होते. सर्दीचा अभ्यास करायचा, तर प्रयोगाला माणूसच हवा होता.

त्यासाठीची जागा युद्धाने दिली. १९४१ मध्ये ब्रिटनमध्ये रोगांच्या साथी पसरतील या भीतीने हार्वर्ड विद्यापीठ आणि अमेरिकन रेडक्रॉस यांनी सुट्या भागांचे एक अख्खे रुग्णालय जहाजांनी समुद्रापार पाठवले आणि ते सॉल्झबरीच्या टेकडीवर उभे राहिले. युद्ध संपल्यावर या लाकडी बराकी ब्रिटिश सरकारला भेट मिळाल्या, आणि १९४६ मध्ये क्रिस्टोफर अँड्र्यूज यांच्या पुढाकाराने तिथे सर्दी संशोधन केंद्र सुरू झाले. एकमेकींपासून अंतर राखून बांधलेल्या बराकी या कामासाठी जणू मुद्दाम रचल्यासारख्या होत्या. दहा-दहा दिवसांसाठी स्वयंसेवक येत; दोघा-तिघांना मिळून एक बिऱ्हाड, जेवण फुकट, येण्याजाण्याचे भाडे आणि रोजचे तीन शिलिंग हातखर्चाला. टेकडीवर हवे तितके फिरावे, पण बाहेरच्या माणसापासून तीस फूट दूर राहावे, हा नियम. पहिले काही दिवस नुसती वाट पाहायची, म्हणजे कोणी घरूनच सर्दी घेऊन आला असेल तर ते उघडकीस येईल. मग नाकात थेंब. काहींना विषाणूचे, काहींना निव्वळ निरुपद्रवी द्रावाचे. कोणाला काय मिळाले हे स्वयंसेवकालाही कळत नसे आणि त्याची तपासणी करणाऱ्या डॉक्टरलाही. रोज किती रुमाल वापरले गेले याची मोजदाद होई. फुकटची सुट्टी म्हणून विद्यार्थी येत, शांतता हवी म्हणून काही जण पुन्हा पुन्हा येत, मधुचंद्रासाठी जोडपीही येत. केंद्र १९९० मध्ये बंद झाले तोपर्यंत अठरा-वीस हजार माणसे अशा रीतीने तिथे राहून गेली होती. कोणताही मोठा रोग बरा होण्याची आशा नसताना एका क्षुल्लक दुखण्यासाठी इतक्या सामान्य माणसांनी आपले नाक विज्ञानाला उसने दिले, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

गारठ्याचा प्रश्न केंद्राने सुरुवातीलाच हाती घेतला. काही स्वयंसेवकांना गरम पाण्याने आंघोळ करायला लावून ओल्या अंगाने वाऱ्याच्या झोतात अर्धा तास उभे केले आणि पुढचे काही तास ओले मोजे घालून वावरायला लावले. काहींना फक्त विषाणू दिला, काहींना विषाणू आणि गारठा दोन्ही. नुसत्या गारठ्याने कोणाला सर्दी झाली नाही. विषाणूच्या जोडीला गारठा दिलेल्यांत पहिल्या खेपेस सर्दी जास्त दिसली, पण प्रयोग पुन्हा केला तेव्हा तो फरक टिकला नाही. पुढे अमेरिकेत १९५८ आणि १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांचाही निकाल असाच लागला. याहून बोलका दाखला उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गेन बेटावरच्या कोळसा खाणींच्या वस्तीतला आहे. १९३०-३१ च्या हिवाळ्यात समुद्र गोठून वस्तीचा जगाशी संबंध तुटला आणि भर थंडीत तिथली सर्दी जवळजवळ नाहीशी झाली. वसंतात पहिले जहाज धक्क्याला लागले आणि दोन आठवड्यांत घरोघर माणसे शिंकू लागली. जहाजाने काही थंडी आणली नव्हती. त्याने माणसे आणली होती.

यावर हरकत घेतली जाते आणि ती वजनदार आहे. शेकडो पिढ्यांचा अनुभव सगळा खोटा कसा असेल? कार्डिफच्या संशोधकांनी २००५ मध्ये नव्वद जणांना वीस मिनिटे थंड पाण्यात पाय बुडवून बसवले. पुढच्या चार-पाच दिवसांत त्यांतल्या तेरा जणांनी आपल्याला सर्दी झाल्याचे सांगितले. पाय कोरडे ठेवलेल्या नव्वदांत असे सांगणारे पाच होते. सर्दीचा सर्वांत नेहमीचा कारक असलेला ऱ्हायनोव्हायरस प्रयोगशाळेत ३७ अंशांपेक्षा ३३ अंशांना अधिक चांगला वाढतो, हे खुद्द सॉल्झबरीच्या डेव्हिड टिरेल यांच्याच कामातून १९६० मध्ये पुढे आले, आणि नाकाच्या आतले तापमान साधारण तेवढेच असते. तेव्हा गारठा अगदी निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. पण कार्डिफच्या प्रयोगात नोंद झाली ती लक्षणांची. विषाणू कोणाच्या नाकात होता याची तपासणी झाली नव्हती. नाकात आधीच दबा धरून बसलेल्या विषाणूला गारठ्याने वाव मिळत असेल, पण तिथे तो आधी कोणीतरी आणून सोडावा लागतो. आपल्याकडचा अनुभवही याच बाजूने बोलतो. पुण्यात फ्लूचा जोर दरवर्षी पावसाळ्यात वाढतो, आणि पुण्याचा जुलै डिसेंबरच्या रात्रींइतका गार नसतो. त्याचे कारण नुसत्या तापमानात सापडणार नाही. पावसात खिडक्या मिटतात, माणसे आत कोंडली जातात, जूनमध्ये शाळा भरलेल्या असतात, हवेतला दमटपणाही वेगळा असतो. यातले कोणते कारण किती भारी, हे अजून वादाचे आहे. पण ऋतू आपले काम बऱ्याच अंशी माणसांच्या उठण्याबसण्याच्या मार्गाने करतो, असे मानायला पुरेसा आधार आहे.

आता मोजणीकडे वळू, कारण किती वेळा या प्रश्नाचे खरे उत्तर प्रयोगशाळेत नव्हे, घरात मिळते. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात डिंगल, बॅजर आणि जॉर्डन या तिघांनी १९४८ ते १९५७ अशी दहा वर्षे काही डझन कुटुंबांवर लक्ष ठेवले. घरातली आई रोज प्रत्येकाच्या तब्येतीची नोंद करी आणि दर आठवड्याला केंद्राचा माणूस येऊन ती तपासून जाई. सुमारे पंचवीस हजार आजारपणे जमा झाली, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा सर्दी-खोकल्याचा होता. त्या वह्यांतून दिसलेले चित्र कोणत्याही घराला ओळखीचे वाटेल. लहान मुले सर्वांत जास्त वेळा आजारी. मूल शाळेत जाऊ लागले की घरात येणाऱ्या सर्दीची संख्या वाढते. आणि मोठ्यांमध्ये वडिलांपेक्षा आईला जास्त वेळा सर्दी होते. सॉल्झबरीजवळच्या एका खेड्यात १९४८-४९ मध्ये झालेल्या पाहणीतही सर्दी घरात आणणारी म्हणून शाळकरी मुलेच पुढे आली. मिशिगनमधल्या टेकम्सी गावात आर्नोल्ड माँटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ पासून केलेल्या दीर्घ अभ्यासात विशीतल्या स्त्रियांना त्याच वयाच्या पुरुषांपेक्षा अधिक वेळा श्वसनाचे आजार होताना दिसले, आणि हेच ते वय, ज्यात बहुतेक स्त्रियांच्या कडेवर मूल असते. कोणी म्हणेल, क्लीव्हलँडमध्ये वही आईच्याच हातात होती, तेव्हा तिला स्वतःची शिंक जास्त आठवली असेल. थोडे तसे झालेही असेल. पण आठवड्याच्या भेटीत पडताळा होत होता, आणि दुसऱ्या गावात, दुसऱ्या पद्धतीनेही कल तोच निघाला. जिला आपण वर्षानुवर्षे ‘हिची तब्येत तोळामासा’ म्हणत आलो, ती बहुतेक वेळा घरातल्या लेकरांचे नाक पुसणारी बाई होती.

नाक पुसणे हा शब्द इथे मी अलंकारासाठी वापरत नाही. जेम्स लव्हलॉक केंद्राच्या सुरुवातीच्या वर्षांत सॉल्झबरीला काम करत होते. त्यांनी नाकाखाली बसवण्याचे एक यंत्र तयार केले. सर्दी झालेल्या नाकातून गळते तेवढेच पाणी त्यातून झिरपे, आणि त्या पाण्यात अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग मिसळलेला असे. असे नाक लावलेला माणूस इतरांसोबत नेहमीसारखा वावरला, आणि मग दिवा लावला तेव्हा तो रंग त्याच्या हातांवर, रुमालावर, हाताळलेल्या वस्तूंवर आणि इतरांच्या अंगावरही चमकत होता. तरीही संसर्ग अपेक्षेइतका सहज होत नाही, हेही त्याच केंद्राला कळून चुकले. स्कॉटलंडच्या उत्तरेला १९३८ पासून ओसाड पडलेल्या आयलन नान रॉन या बेटावर १९५० मध्ये बारा स्वयंसेवकांना काही आठवडे एकटे ठेवले आणि मग त्यांच्यात सर्दी दिलेली माणसे नेली. संशोधकांना वाटले होते तशी सर्दीची लाट काही उसळली नाही. थोडा वेळ जवळ बसणे पुरत नाही. सर्दीला बऱ्याचदा दिवस-रात्रीची, हाताला हात लागणारी जवळीक लागते, म्हणजेच घर लागते.

इथे सर्वांत अवघड हरकत येते. एकाच घरात, एकाच मुलाच्या शिंकांखाली राहणाऱ्या दोघांपैकी एकच आजारी का पडतो? तेव्हा तरी प्रकृती मानावी लागेल ना? सॉल्झबरीत हा अनुभव रोजचा होता. नाकात थेट विषाणू सोडूनही सगळे आजारी पडत नसत. याचे पहिले उत्तर शरीराच्या आठवणीत आहे. ऱ्हायनोव्हायरसचे दीडशेहून अधिक प्रकार आहेत आणि एकाची आठवण दुसऱ्याला फारशी उपयोगी पडत नाही. त्यामुळे कोण पडेल हे बऱ्याच अंशी गेल्या काही वर्षांत तो कोणत्या प्रकाराला भेटला यावर ठरते. ही आठवणही पक्की नसते. केंद्राच्या शेवटच्या दिवसांत काही स्वयंसेवकांना सर्दीचा एक कोरोनाव्हायरस दिला आणि वर्षाने तोच पुन्हा दिला. पूर्वी संसर्ग झालेल्यांपैकी बहुतेकांच्या नाकात तो पुन्हा वाढला, पण सर्दी मात्र झाली नाही. कोरोनाव्हायरसांचे ते कूळ ओळखण्यात १९६० च्या दशकात याच टेकडीचा मोठा हात होता. दुसरे उत्तर शेल्डन कोहेन यांनी १९८६ ते १९८९ या काळात तिथेच मिळवले. जवळजवळ चारशे जणांना विषाणू देण्याआधी त्यांच्या आयुष्यातल्या ताणाची मोजणी केली. ताण सर्वांत कमी असलेल्यांपैकी साधारण २७ टक्क्यांना सर्दी झाली, सर्वांत जास्त असलेल्यांपैकी ४७ टक्क्यांना. पुढे अमेरिकेत १६४ जणांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात रात्री सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या चौपटीने सर्दी होण्याचा धोका दिसला. याला प्रकृती म्हणायचे असेल तर म्हणा. पण ही जन्माला घेऊन आलेली प्रकृती नव्हे. रात्रपाळी, कर्ज, आजारी सासू, रडणारे तान्हे मूल हे सगळे तिच्यात येते, आणि हीसुद्धा माणसाच्या सहवासाचीच बाजू आहे.

मग माणसे टाळली की सुटले, असे वाटेल. कोहेन यांचाच १९९७ चा अभ्यास नेमका इथे आडवा येतो. २७६ निरोगी प्रौढांना विषाणू दिला; ज्यांची नाती फक्त एक ते तीन प्रकारची होती, त्यांना सर्दी होण्याचा धोका सहा किंवा अधिक प्रकारची नाती जपणाऱ्यांच्या चौपटीहून थोडा जास्त निघाला. जोडीदार, मुले, शेजारी, कामावरचे सोबती, भजनी मंडळ असावे तसे एखादे मंडळ, असे वेगवेगळे धागे ज्यांच्या आयुष्यात होते त्यांना सर्दी कमी झाली. वरवर पाहता हे माझ्या म्हणण्याच्या उलट आहे. पण या प्रयोगात विषाणू सर्वांना सारखाच, थेट नाकात मिळाला होता. म्हणजे कोणाला विषाणू भेटतो हा प्रश्न इथे पुसून टाकलेला होता, आणि भेटल्यावर शरीर काय करते एवढेच मोजले गेले. रोजच्या जगण्यात दोन्ही गोष्टी एकदम घडतात: चार माणसांत वावरणाऱ्याला विषाणू जास्त वेळा गाठतो, आणि त्याच चार माणसांमुळे त्याचे शरीर विषाणूला अधिक नेटाने परतवते. २०१२ मध्ये कोहेन यांच्या गटाने हाच प्रश्न आईबापांबाबत विचारला. विषाणू मुद्दाम दिला तेव्हा मूल असलेल्या प्रौढांना सर्दी होण्याचा धोका मूल नसलेल्यांच्या निम्म्याच्या आसपास होता, आणि रक्तात आधीपासून असलेल्या प्रतिपिंडांचा हिशेब धरूनही तो फरक उरत होता. क्लीव्हलँडच्या वह्यांत वर्षात सर्वाधिक वेळा शिंकणारी प्रौढ व्यक्ती आई होती. त्या घरात बाहेरून येणाऱ्या विषाणूंपैकी किती तिने मुकाट्याने परतवले, ते मात्र त्या वह्यांत लिहिले जाणे शक्यच नव्हते.