मॅन बेटाची सभा आणि नऊ पेनीचा पाव

इंग्लंड व आयर्लंड यांमधील समुद्रात मॅन नावाचे बेट आहे. ते ब्रिटिश राजमुकुटाच्या छत्राखाली असले तरी ब्रिटनचा भाग नव्हे. आपले कायदे ते आपणच करते. त्याच्या विधिमंडळाचे नाव टिनवॉल्ड. दरसाल जुलैच्या आरंभी सेंट जॉन्स या गावी, चार पायऱ्यांच्या मातीच्या टेकाडावर, ही सभा उघड्यावर भरते आणि नवे कायदे मॅन्क्स व इंग्रजी या दोन्ही भाषांत पुकारले जातात. १९७९ साली तिची सहस्राब्दी साजरी झाली.

हजार वर्षांची लोकसभा, असा तिचा गौरव होतो. तो ऐकला की आम्हा युनियनवाल्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की मत कोणाला होते? १८६६ पर्यंत कोणालाच नव्हते! 'हाऊस ऑफ कीज' या सभागृहात २४ सभासद. जागा रिकामी झाली की उरलेलेच नावे सुचवीत आणि गव्हर्नर त्यांतून एक निवडी. १८६४ साली जेम्स ब्राऊन या संपादकाने त्यांची थट्टा केली, तर सभागृहाने स्वतःच न्यायाधीश होऊन त्याला तुरुंगात धाडले. इंग्लंडातील न्यायालयाने त्याला सोडविले, वर भरपाईही मिळाली. पुढे दोन वर्षांतच निवडणुकीचा कायदा झाला. १८८१ साली स्त्रियांनाही मत मिळाले. मात्र ज्यांच्या नावे मालमत्ता होती, त्यांनाच.

आणि मग १९१८. महायुद्धामुळे प्रवासी येईनात, बेटाचा धंदाच बसलेला. ब्रिटनमध्ये सरकारी मदतीमुळे पाव नऊ पेनीला मिळे. बेटावर ती मदत बंद झाली आणि तोच पाव एक शिलिंगवर, म्हणजे बारा पेनींवर गेला. मदतीचा पैसा आणायचा कोठून? प्राप्तिकर बसवून, पण तो सधनांच्या खिशातून जाणार, म्हणून वाद चाललेला. ४ जुलैला कामगारांनी सार्वत्रिक संप पुकारला. दुसऱ्या दिवशी टेकाडावरचा समारंभ व्हायचा होता, तो झालाच नाही. गव्हर्नर लॉर्ड रॅग्लन नमले. पाव पुन्हा नऊ पेनीचा झाला. ज्याने पोराबाळांसाठी पाव मोजून आणला आहे, त्याला त्या तीन पेनींचे मोल सांगावे लागत नाही.

त्याच वर्षी बेटावर प्रथमच प्राप्तिकर बसला आणि रॅग्लन पायउतार झाले. १९१९ च्या निवडणुकीत संपाचे एक पुढारी आल्फ्रेड टिअर 'कीज'मध्ये निवडून जाऊन बसले.