शब्दगुण

शब्दगुण : (संगीतशास्त्र). गाणाऱ्याच्या कंठध्वनीचे, म्हणजे चालू भाषेत आवाजाचे, गुण सांगणाऱ्या संज्ञा. वामनाने काव्याच्या संदर्भात सांगितलेल्या शब्दगुणांशी यांचा संबंध नाही.

नाट्यशास्त्रात कंठाचे श्रावक, घन, स्निग्ध, मधुर, अवधानवान् आणि त्रिस्थानशोभी असे सहा गुण आले आहेत. नारदीय शिक्षेतील रक्त, पूर्ण, प्रसन्न, व्यक्त इत्यादी दहा गुण गानाचे आहेत, कंठाचे नव्हेत. तेव्हा दोहोंची बेरीज करणे योग्य नव्हे.

या विषयाची खरी जमाबंदी केली ती शार्ङ्गदेवाने. मूळच्या काश्मिरी घराण्यातला हा ग्रंथकार देवगिरीच्या सिंघण यादवाच्या (कार. सु. १२१०–४७) पदरी श्रीकरणाधिप, म्हणजे पुढील अमदानीच्या परिभाषेत दफ्तरदार, होता, आणि ज्या काटेकोरपणे सरकारी वसुलाच्या बाबी मांडाव्यात त्याच काटेकोरपणे त्याने संगीतरत्नाकराच्या तिसऱ्या, प्रकीर्णक नामक अध्यायात मृष्ट, मधुर, चेहाल, त्रिस्थानक, सुखावह, प्रचुर, कोमल, गाढ, श्रावक, करुण, घन, स्निग्ध, श्लक्ष्ण, रक्तिमान आणि छविमान असे पंधरा गुण जमेस धरले आहेत. श्रावक म्हणजे दुरून ऐकू येणारा, श्लक्ष्ण म्हणजे तेलाच्या धारेसारखा अखंड, छविमान म्हणजे उजळ. चेहाल हा फार जाड नाही व फार बारीक नाही असा स्निग्ध आवाज असून, पुरुषांच्या ठिकाणी तो कंठ फुटेपर्यंतच टिकतो, स्त्रियांच्या ठिकाणी मात्र नेहमी असतो, हे निरीक्षण कोणाही गायनशिक्षकास आजही पटेल. 'चेहाल' संस्कृत वाटत नाही. त्याची व्युत्पत्ती निर्विवाद नाही.

खर्ची टाकलेले दोष आठ : रूक्ष, स्फुटित, निःसार, काकोली, केटि, केणि, कृश आणि भग्न. पैकी केटि विशेष लक्षणीय आहे. कारण मंद्र, मध्य व तार या तिन्ही स्थानांत फिरणारा, परंतु अंगी एकही गुण नसलेला आवाज, असे त्याचे लक्षण असून, केवळ फिरत म्हणजे गाणे नव्हे हा निवाडा त्यात अध्याहृत आहे. कफ, पित्त आणि वात यांवरून केलेले खाहुल, नाराट व बोंबक हे प्रकार आयुर्वेदाच्या आधाराने आले असून त्यांतील बोंबक एरंडाच्या कांडासारखा पोकळ म्हटला आहे. पुण्याच्या आनंदाश्रमाने संगीतरत्नाकर कल्लिनाथाच्या टीकेसह १८९६ मध्ये छापण्यास आरंभ केला.

मराठी व्यवहारात यांपैकी मधुर व कोमल तेवढे शिल्लक राहिले, आणि कोमलही स्वराच्या नावाला जडला. त्यांच्या जागी गोड, भरदार, गोल, पल्लेदार, पिळदार, खणखणीत, किनरा, चिरका, बसका, फाटका असे शब्द रुळले. जुन्या स्निग्ध, घन व गाढ यांच्याप्रमाणे यांतीलही अनेक शब्द कानाचे नसून हाताचे अथवा जिभेचे आहेत. ध्वनिक्षेपक नसलेल्या नाटकगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा आवाज ही नटाची पहिली अर्हता असल्याने पल्लेदार आणि टिपेचा या विशेषणांना तेथे मोठा मान मिळाला. गायकनट केशवराव भोसले (१८९०–१९२१) यांच्या तारसप्तकातील गायनाची ख्याती याच जातीची. अर्थाने पाहता पल्लेदार हा श्रावकाचाच वंशज होय.

बेसूर आणि कणसूर यांत अंशाचा भेद आहे. बेसूर सर्वांस कळतो. कणसूर म्हणजे कणभर चढलेला वा उतरलेला सूर, आणि तो ओळखण्यास तयारीचा कान लागतो. जवारी ही मूळ तंबोऱ्याच्या घोडीची संज्ञा. तारेखाली सुताचा धागा योग्य जागी सरकवला म्हणजे जो गुंजारव उमटतो त्यावरून, ज्या गळ्यात तसा झणकार असेल त्यास जवारीदार म्हणू लागले. मिरजेच्या तंतुवाद्यकारांची कीर्ती पुष्कळशी या जवारी काढण्याच्या कसबावर उभी आहे. काळी चार, पांढरी पाच ही पट्टीदर्शक नावे पेटीमुळे आली. ती आवाजाची उंची सांगतात, गुण नव्हे.

वाद्यध्वनी : तबल्याच्या बोलांना स्पष्ट, दाणेदार किंवा बोथट म्हणतात.

लोकसंगीत : शाहिरीत खडा व पहाडी हे स्तुतिवाचक. मुख्य गायकामागे उंच सुरात साथ धरणे म्हणजे झील, आणि ती धरणारा तो झीलकरी.