तळटीप : उमरठ आणि जप्त झालेला पोवाडा

उमरठ : पोलादपूर तालुक्यातील गाव, तानाजी मालुसरे यांची समाधी येथे आहे. १६७० साली सिंहगडावर पडलेल्या या वीरावर विनायक दामोदर सावरकरांनी रचलेला पोवाडा इंग्रज सरकारने जप्त केला. इतक्या जुन्या लढाईची राज्यकर्त्यांना धास्ती का वाटावी, याचे उत्तर सावरकरांचे थोरले बंधू बाबाराव यांच्या खटल्यात मिळते. कविता प्रसिद्ध केल्याबद्दल १९०९ साली बाबारावांना जन्मठेप काळे पाणी झाले. देवांची आणि शिवाजी महाराजांची नावे केवळ निमित्त आहेत, खरा रोख चालू सरकारवर आहे, असा अर्थ उच्च न्यायालयाने लावला. तो अर्थ चुकीचा कुठे होता, असा आक्षेप येईल. चुकीचा नव्हताच, त्या कवितांत लढ्याची हाक होती. पण अर्थ अचूक लागला म्हणून छापील ओळींसाठी जन्मभराची शिक्षा न्याय्य ठरत नाही. चीनमध्ये १०७९ साली कवी सू शी यांनाही राजधोरणावर टीका करणाऱ्या कवितांपायी आधी कैद, मग हद्दपारी भोगावी लागली. टीका तिथेही खरीच होती. असंतोषाचे कारण तसेच ठेवून तो बोलून दाखवणाऱ्याला दूर धाडणारी सत्ता कवीचे म्हणणे खोडून काढत नाही, उलट ते खरे असल्याची कबुलीच देते.