दीपगृहातल्या सहा मैत्रिणी

एकलहऱ्याला घरी गेलो की दोन गोष्टी ठरलेल्या. गच्चीवर वीज केंद्राच्या चिमण्या बघत चहा, आणि मग जुनी हार्डडिस्क उपसणं. या वेळी त्यात 'बॅटल रोयाल' सापडला, किंजी फुकासाकूचा २००० सालचा जपानी सिनेमा. 'द हंगर गेम्स' ही कादंबरी २००८ची, 'स्क्विड गेम' २०२१ची, म्हणजे हा या सगळ्यांचा थोरला भाऊ.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बेकारी वाढलीय, लाखो पोरं शाळेत जात नाहीत, मोठ्यांना पोरांचीच भीती वाटायला लागलीय. मग कायदा होतो. नववीचा एक वर्ग बेटावर नेऊन सोडायचा, गळ्यात स्फोटक पट्टे, प्रत्येकाला एक पिशवी. कुणाच्या पिशवीत बंदूक, कुणाच्या पातेल्याचं झाकण (खरंच!). तीन दिवसांत एकच उरला पाहिजे, नाहीतर सगळेच खलास.

हॉस्टेलवर पहिल्यांदा पाहिला तेव्हा सगळ्यांचं निदान एकच होतं: ही तर आपली एन्ट्रन्स! मीही जोरात मान डोलावली. बारावीत मी शेजारच्या बिल्डिंगमधल्या मित्रापासून क्लासच्या नोट्स लपवल्या होत्या, "झेरॉक्सचं दुकान बंद होतं" असं सांगून. जगच स्पर्धेचं, आपण काय करणार... फार सोयीचं कारण होतं ते.

या वेळी मात्र दीपगृहाच्या प्रसंगापाशी अडकलो. सहा मैत्रिणी तिथे लपून राहतायत, स्वयंपाक करतायत. एकीने नायकासाठी घातलेलं विष चुकून दुसरीच खाते. संशय सुरू होतो आणि बघता बघता त्या एकमेकींना गोळ्या घालतात. विष घालणारी तेवढी वाचते, मग तीही वरून उडी टाकते.

मग फुकासाकूबद्दल वाचत बसलो, रात्रीचे दोन वाजले. जन्म १९३०चा, मितो शहरातला. १९४५मध्ये त्याचा वर्ग दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला जुंपला होता. जुलैत तोफगोळे पडायला लागले. पळायला जागा नाही. पोरं जीव वाचवायला एकमेकांच्या अंगाखाली घुसली. जी वाचली, त्यांना नंतर वर्गमित्रांची प्रेतं उचलावी लागली. फुकासाकू तेव्हा १५ वर्षांचा होता.

पंधरा वर्षांचा म्हटलं की आपल्याला १९४२चा नंदुरबारचा शिरीषकुमार आठवतो. पण तो झेंडा घेऊन स्वतः निघाला होता. या पोरांना कुणी विचारलंच नव्हतं.

मित्राच्या अंगाखाली लपणारं पोर स्वार्थी म्हणायचं का? फुकासाकूचा राग पोरांवर नव्हता. युद्धाबद्दल खोटं सांगणाऱ्या मोठ्यांवर होता, आणि तो शेवटपर्यंत टिकला. सत्तरीत त्याने हा सिनेमा केला, पटकथा मुलाने, केंताने लिहिली. त्यावर जपानच्या संसदेतही गदारोळ झाला आणि १५ वर्षांखालच्यांना सिनेमा बघायला बंदी आली. म्हणजे ज्यांची गोष्ट, त्यांच्याच वयाच्या कित्येकांना मनाई! आम्ही जिला स्पर्धेची गोष्ट समजत होतो, ती खेळ लावून देणाऱ्यांची गोष्ट निघाली.

पण मग माझ्या नोट्सचं काय? माझ्या गळ्यात तर कुठलाच पट्टा नव्हता. घरून कुणी लपव म्हटलं नव्हतं.

रविवारी त्या मित्राला फोन करून सगळं सांगितलं. तो हसायलाच लागला.

"माहीत होतं रे. झेरॉक्सचं दुकान आमच्याच खाली होतं."